पाठवणाऱ्याचं नाव

लीड्स,
२ एप्रिल २०२५

वर्षाराणी,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. ईमेलला उत्तर देत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. शिरूर अनंतपाळला तुमच्या घरी लग्नाची धांदल असेल, सत्यमदादाला हळद लागायची असेल, दारात मांडव पडला असेल. त्या गडबडीत दहा मिनिटं काढ आणि हे पूर्ण वाच. कॉलेजची चार वर्षं दर रविवारी नांदेडला आमच्या घरी जेवायला येत होतीस, तेवढ्यावर दहा मिनिटं मागायचा माझा हक्क आहे.

मी आता निजामाबादच्या एका मुलीबरोबर राहते. खोलीत दोन पलंग आणि एक खिडकी, खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. आपण दोघी भाड्यानं राहत होतो त्या काकूंच्या घरातून सामान हलवायला मला तीन फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीला तू वरच्या खोलीत होतीस, दिवा चालू होता. खाली आली नाहीस.

सोळा मार्चच्या त्या रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते स्वतःला वेगळंच सांगून बसली असशील. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात फोन. लातूरहून त्यांच्या भावाचा, उमाशंकरमामांचा, फोन येऊन गेलेला. मला म्हणाल्या, "तुझं खरं नाव काय हाय?" मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "जातीचं काय न्हाई गं माझ्या मनात. पर तू खोटं बोललीस, ते लागलं मला." तू जिन्यावर उभी होतीस. त्यांनी वर बघून विचारलं, "वर्षा, तुला ठाऊक होतं?" आणि तू म्हणालीस, "न्हाई काकू. मला बी आत्ताच कळायलंय."

आत्ताच कळायलंय. माझ्या आईच्या हातचं वरण ओरपताना कळलं नाही. आमच्या बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून सबमिशनच्या आकृत्या काढल्या तेव्हा कळलं नाही. मेसचं जेवण तुला चालत नव्हतं म्हणून आई तुझ्यासाठी वेगळं बिनतिखटाचं काढून ठेवायची. चार वर्षं तू कोणाच्या घरी जेवत होतीस गं?

त्या घरात मला 'लीना' तूच केलंस. सप्टेंबरात दोन-दोन बॅगा ओढत आपण दारात पोचलो, काकूंनी दार उघडलं आणि तू म्हणालीस, "ही माझी मैत्रीण, लीना." मी तुझ्याकडे बघितलं तर डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणालीस. खोलीत गेल्यावर सांगितलंस, "काकू जुन्या वळणाच्या हायेत. लुंबिनी म्हणलं की लगेच कळतंय. राहू दे ना, नावानं काय होतंय?" नावानं काय होतं ते आता सगळ्यांनाच कळलं. लीना शिंदे. सहा महिने मी त्या घरात लीना शिंदे होते. विद्यापीठात पहिल्याच तासाला आपल्या गोऱ्या सरांनी यादी वाचताना विचारलं होतं, लुंबिनी म्हणजे बुद्धाचा जन्म झाला तेच का? मी हो म्हणाले आणि सगळ्या वर्गानं वळून बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं होतं. संध्याकाळी घरी आले की पुन्हा लीना.

मला तुझी माफी नको. एक काम हवं आहे. पप्पा पंधरा मार्चपासून माझ्याशी बोललेले नाहीत. मी फोन करते, आई उचलते, मागं त्यांचा खोकला ऐकू येतो आणि आई म्हणते, "बाहेर गेलेत." तू नांदेडला जा. बस बदलत जास्तीत जास्त चार तास लागतील. आमच्या बैठकीत बस आणि पप्पांना सांग की त्यांच्या मुलीनं त्यांचं नाव टाकलेलं नाही, ते तू बदललं होतंस. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते ऐकतील. तू त्यांची लाडकी आहेस.

लुंबिनी

*

लीड्स,
१४ एप्रिल

वर्षाराणी,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. आज दुसरं लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर कुणावर तरी खेकसेन, आणि माझ्याबरोबरची मुलगी बिचारी गरीब आहे.

आज जयंती. सकाळी आईला फोन केला तर तिला माझं ऐकू येईना, गल्लीत बँड चालू होता. दरवर्षी आजच्या दिवशी पप्पा पांढरा शर्ट घालून सहा वाजता तयार असतात आणि मला उठवतात. रेल्वेच्या ऑफिसात होते तेव्हा रजा आधीच टाकलेली असायची. दुसऱ्या वर्षाला असताना तूही आली होतीस. खिरीच्या पातेल्यापाशी माझ्या शेजारी उभी राहून दुपारपर्यंत वाटत होतीस, उन्हानं नाक लाल झालेलं. पप्पा सगळ्यांना सांगत होते, ही आमची दुसरी पोरगी. आज पप्पा फोनवर आले नाहीत. जयंतीलासुद्धा आले नाहीत. आई म्हणाली, "मिरवणुकीत हायेत." फोनच्या इतक्या जवळ कुणीतरी घसा खाकरला की मला कळलं, मिरवणूक आमच्या बैठकीतच उभी आहे.

पंधरा मार्चला आमच्या घरी नक्की काय झालं, ते मला आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. तुला सगळं सलग सांगते.

उमाशंकरमामा इकडं बहिणीकडे येणार होते. त्याआधी नांदेडला कुणाच्या लग्नाला जाणार म्हणून काकू मला म्हणाल्या, "तुझ्या आईला काय पाठवायचं असलं तर दे म्हणावं त्याच्याजवळ." इथं आल्यापासून कुणी येणार असलं की आपण सगळेच कसे लाळ गाळतो, तुला माहीत आहे. मला आमटीत घालायचं येसर हवं होतं, कारळाची चटणी हवी होती, आणि आईनं कुटलेला काळा मसाला. मी पत्ता दिला. डोकं गहाण पडलं होतं माझं. आईनं दोन दिवस खपून सगळं केलं, पिशव्या मेणबत्तीवर चिकटवल्या, खोक्याला सुतळी बांधली. वर पप्पांनी स्वतःच्या अक्षरात माझं नाव लिहिलं. पाहुणे येणार म्हणून मुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहाचं आधण ठेवलं.

मामा आणि मामी फाटकाशी आले. पाटी वाचली. तुला ती पाटी आठवते, पंढरी रा. सोनकांबळे, आणि खालची ओळ पप्पांनी माझ्या डिग्रीसाठी रिकामी ठेवायला लावलेली. मामा म्हणाले, "शिंदे कुठं राहतेत हितं?" पप्पा म्हणाले, "ह्या गल्लीत शिंदे कोणी न्हाई. कोण पायजे?" मामांनी मोबाइलवर फोटो दाखवला, वेळअमावस्येचा, माझ्या हातात आंबिलीचं मडकं. "ही आमच्या ताईकडं राहती, लीना शिंदे. हिच्या घरून खोकं न्यायचंय." पप्पा म्हणाले, "ही आमची लुंबिनी हाय."

मामी आत येऊन बसल्या होत्या. आई पाणी घेऊन आली तर त्या उठल्या. "उशीर व्हायलाय," म्हणाल्या. पाण्याला हात लावला नाही. सुशीला तसाच. खोकं खुर्चीवर तसंच. आई म्हणते अजून तिथंच आहे, पप्पा ते हलवू देत नाहीत.

इकडं काकूंनी काय केलं? वेळअमावस्येच्या शेतपूजेला त्यांनी मागच्या अंगणात शेतातल्या खोपीसारखी चादरींची कोप उभी केली होती, आठवतं? डिसेंबरची थंडी, बागकामाच्या दुकानातून आणलेले पाच गुळगुळीत दगड पांडव म्हणून मांडलेले, आणि रामकिशनकाका कानटोपी घालून आंबील शिंपडत फिरत होते, शेजारचा गोरा कुंपणावरून बघतोय. आपण हसून हसून मेलो होतो. आंबील मी केली होती. काकू सगळ्यांना सांगत होत्या, "हाताला चव हाय पोरीच्या." मी घर सोडलं त्या दिवशी ते मडकं बाहेर कचऱ्याच्या डब्यात होतं. चांगलं होतं, कुठं चीर नव्हती. जातीचं काय न्हाई त्यांच्या मनात.

ते मडकं बघून मला तुमच्या शेतातली वेळअमावस्या आठवली, त्याच्या आदल्या वर्षीची. तू हट्टानं मला घेऊन गेली होतीस. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. तुझ्या आईनं सगळ्यांना स्टीलच्या ताटात वाढलं आणि मला पत्रावळीवर. तू म्हणालीस, "पाहुण्याला पत्रावळ असती आमच्यात." मी मान डोलावली. बाजरीचे उंडे आणि शेंगा-भाज्यांची भज्जी चवीनं खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली. घरी येऊन आईला कौतुकानं सांगितलं, पाहुण्याला पत्रावळ असते त्यांच्यात. आई भांडी घासत राहिली. आता कळतं, ती का बोलली नाही.

नांदेडला जा, वर्षा. एवढं एकच मागते आहे.

लुंबिनी

ता. क. आपल्या गटाचं सादरीकरण बारा मेला आहे. पुराच्या नकाशाचा तुझा भाग कोरा आहे. बाकीचे दोघे मला विचारतात, वर्षा कुठं आहे. मी सांगितलं, भावाच्या लग्नाला गेली आहे. तुझ्यासाठी मला अजून सारवासारव करावी लागते, याचाच मला जास्त राग येतो.

*

लीड्स,
२० एप्रिल

वर्षा,

काल पप्पांचा फोन आला.

त्यांचा स्वतःचा. मी ग्रंथालयात होते. स्क्रीनवर 'पप्पा' बघून तशीच बाहेर पळाले, स्वेटर खुर्चीवरच राहिला. म्हणाले, "लुंबे, जेवलीस का?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "वर्षा येऊन गेली काल. सगळं सांगितलं तिनं. तुझी चूक न्हाई म्हणली. नाव बी मीच सांगितलं, आडनाव बी मीच सांगितलं, लुंबिनीला बोलूच दिलं न्हाई म्हणली. मी उगंच तुझ्यावर डोकं फिरवून घेतलं, बाई." आणि मग माझे पप्पा, जे आयुष्यात कुणाला सॉरी म्हणाले नाहीत, मला म्हणाले, "मनात ठेवू नको."

मग आईनं फोन घेतला आणि बाकीचं सांगितलं. तू सकाळच्या गाडीनं आलीस. दारातच रडलीस. पाणी मागून प्यालीस, चहा मागून प्यालीस, जेवलीस, पुन्हा भात घेतलास. मग खुर्चीवरचं खोकं उचललंस आणि म्हणालीस, "हे मी नेते, काकू. माझ्या बॅगेत जागा हाय." पप्पांनी ते तुला नेऊ दिलं.

मी तुला जे करायला सांगितलं ते तू केलंस. मग मी खूश व्हायला हवं होतं. पण काल दुपारपासून माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. तुला कुणी सांगितलं होतं आडनाव स्वतःवर घ्यायला?

तू असंच करतेस. जिन्यावर उभी होतीस तेव्हा सगळं माझ्या माथी मारलंस, आणि नांदेडला गेलीस तर सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. दोन्हीकडे खोटंच. खरं तेवढंच सांगता येत नाही का तुला? समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं आणि मोकळं व्हायचं. काकूंपुढं काकूंना बरं वाटेल ते, पप्पांपुढं पप्पांना. मी कुठं उभी राहायचं या सगळ्यात? पप्पांनी माझी माफी मागितली, वर्षा. माझी. आणि मी ऐकून घेतली. 'हो पप्पा' म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं लिहायला घेतलं होतं, लिहवत नाही. हे असंच टाकते.

लु.

*

लीड्स,
२५ एप्रिल

वर्षा,

मागच्या तीन पत्रांत मी तुला जे लिहिलं नाही, ते आज लिहिते. तुला ते ठाऊकच आहे. पण ठाऊक असूनही तू गप्प राहिलीस, म्हणून मला ते माझ्या हातानं लिहिलं पाहिजे.

लीना तू म्हणालीस. शिंदे मी म्हणाले.

तू वर बॅगा ठेवायला गेली होतीस. मी खाली खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि काकू चहा गाळत होत्या. गाळता गाळता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणलीस?" मी काहीच म्हणाले नव्हते अजून. चहाला आल्याचा वास येत होता, दोन दिवसांच्या प्रवासानंतर पहिल्यांदा तुझ्याशिवाय कुणीतरी माझ्याशी आपल्या बोलीत बोलत होतं, बाहेर पाऊस आणि अंधार. सोनकांबळे म्हटलं असतं तर काय झालं असतं? कदाचित काही झालं नसतं. कदाचित चहा मिळाला असता आणि दुसऱ्या दिवशी खोली रिकामी नाही म्हणून निरोप. मी थांबून विचारच केला नाही. शिंदे म्हणाले. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाचं आडनाव, ते तोंडात आलं आणि मी सांगून टाकलं. तू खाली आलीस तेव्हा काकू तुला म्हणाल्या, "शिंद्यांची हाय होय ही?" तू माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा पडला होता, वर्षा. तो मला आजही आठवतो. तू एवढंच म्हणालीस, "हाव काकू."

आणि दुसरं. तुमच्या शेतातल्या पत्रावळीचं मी अर्धंच लिहिलं. मला पत्रावळ वाढली तेव्हा तू तुझं ताट आईच्या हातात परत दिलंस, दुसरी पत्रावळ मागून घेतलीस आणि माझ्या शेजारी मातीत बसलीस. तुझी आई तुझ्याकडे बघत राहिली. ते मी मुद्दाम गाळलं, कारण ते लिहिलं असतं तर तुझ्यावर एवढं चिडता आलं नसतं.

म्हणून तू सुटलीस असं नाही. तुझ्या आईला तू एक शब्द विचारला नाहीस, मला मात्र पाहुण्याची गोष्ट सांगितलीस. आणि जिन्यावरचं ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू परत आलीस की त्यावर आपण भांडणार आहोत, समोरासमोर, आणि तेव्हा तू मला बरं वाटेल असं काहीही बोलायचं नाहीस.

परवा मी पप्पांना फोन केला. म्हटलं, "वर्षा खोटं बोलली. आडनाव तिनं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं."

मागं आई विचारत होती, काय म्हणायली, काय म्हणायली. मग त्यांनी विचारलं, "शिंदे म्हणताना जीभ अडकली का गं तुझी?"

मला खोटं बोलता आलं असतं. अडकली म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"न्हाई पप्पा," मी म्हणाले.

ते म्हणाले, "माझ्या बापाला आडनाव विचारलं की तो मान खाली घालायचा. मी घातली न्हाई. मला वाटलं तुझ्यापर्यंत ते संपलं." आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. मी रडत होते ते त्यांना ऐकू जात होतं, तरी त्यांनी 'रडू नको' म्हटलं नाही. पण फोनही ठेवला नाही. शेवटी म्हणाले, "पाटीवरची खालची ओळ रिकामीच हाय अजून. पेंटर विचारायलाय, काय लिहायचं. मी म्हणलो, पोरीला विचारून सांगतो. तर तूच सांग आता, काय लिहायचं ते."

मी अजून सांगितलेलं नाही. काल सकाळी काकूंकडे गेले. दार काकांनी उघडलं. मी आत गेले नाही. काकू मागं येऊन उभ्या राहिल्या तेव्हा पायरीवरूनच म्हणाले, "मी लुंबिनी सोनकांबळे. सप्टेंबरात तुम्ही आडनाव विचारलं होतं, तेव्हा हे सांगायचं राहिलं. खोटं मी बोलले, ती चूक माझी. मडकं तुम्ही फेकलं, ती तुमची." काकू म्हणाल्या, "अगं, ते मडकं फुटलं होतं." मी म्हणाले, "न्हाई काकू, मी हातात घेऊन बघितलं होतं." काका पायातल्या चपलांकडे बघत राहिले. मी बस पकडून तासाला गेले. दहा मिनिटं उशीर झाला.

तू सहा मेला निघणार, असं आईनं सांगितलं. खोकं हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत येसर फुटलं तर सगळे कपडे जातील. सादरीकरणात नावं क्रमानं घ्यायची आहेत, माझं आधी येतं, मी पूर्ण सांगणार आहे. तुझा नकाशा मी केलेला नाही, करणारही नाही. येऊन तूच कर.

आधीच्या तिन्ही पाकिटांवर मी मागं काहीच लिहिलं नव्हतं. तुमच्याकडे माझ्या नावानं आता बोंब झाली असेल, नाव बघून कुणी पत्र तुझ्यापर्यंत पोचू देणार नाही, असं मला वाटलं. तुझ्यावर नावासाठी तीन तीन पानं आग पाखडत होते आणि पाकीट मात्र बिननावाचं टाकत होते. पोस्टाच्या खिडकीतली बाई दर वेळी विचारायची, मागं पत्ता नाही लिहायचा का, आणि मी नको म्हणायचे.

आज लिहिला आहे. मराठीत आणि इंग्रजीत, ठळक अक्षरात. तू निघण्याआधी हे पोचलं नाही तर तुझे बाबा घेतील, किंवा तुझी आई. त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचावं. पत्रही वाचलं तरी चालेल.

लुंबिनी पंढरी सोनकांबळे